सोलापूरला पाठवलेल्या चाली

कार्तिक वद्य अष्टमी, शके १८६९. मुरूम.

ठरवलं एकदाचं. चाली सोलापूरला पाठवायच्या. ठरवल्यापासून कोणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून ही वही काढून बसलो. मन मोकळं करावं असं सध्या मुरुमात कोणी राहिलेलं नाही.

झालं असं की परवा दुकानात आलेल्या धोतरजोड्यांच्या गठ्ठ्याला सोलापूरचं वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं. आपल्या निजामी मुलखात ते बाळगायला बंदी आहे. थोरले बंधू महालिंगप्पा, आमचे अण्णा, म्हणाले, "आदी चुलीत घाल त्ये." चुलीकडं नेता नेता मी वाचलं. सोलापूरचे कोणी सिद्रामप्पा म्हणून प्रकाशक आहेत. पेटी शिकणाऱ्यांसाठी ते स्वरलिपीचं पुस्तक काढणार आहेत आणि त्यांना नव्या चाली हव्या आहेत. चाल स्वतःची असावी, नाटकातून किंवा बोलपटातून उचललेली नसावी, कागदाच्या एकाच बाजूला स्वच्छ लिहावी. पसंत पडल्यास कर्त्याच्या नावागावासह छापू.

नावागावासह हा शब्द वाचला आणि माझं डोकंच फिरलं. तेवढा तुकडा फाडून टोपीत ठेवला, बाकीचं जाळलं. घरी येताना चावडीपुढं दोन खाकीवाले बसले होते. एकानं सहज पाहिलं तर माझा हात टोपीकडं गेला. असा मी शूर.

मी अण्णांच्या कापडदुकानात कापड फाडतो आणि सोमवारी मठात भजनाला पेटीची साथ करतो. तेवढ्यावर गाव मला मास्तर म्हणतं. चाली बांधतो हे मात्र बायको सोडून कोणाला ठाऊक नाही. गिरिजा तरी काय, ऐकते आणि गप्प बसते.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

चाल कशी सुचते असं पुढंमागं कोणी विचारलं तर सांगता यावं, म्हणून लिहून ठेवतो. मला पहाटे सुचतं, अर्धवट झोपेत. गिरिजा पलीकडच्या खोलीत दळायला बसते, जात्याची घरघर सुरू होते, तिचं काहीबाही गुणगुणणं चालू असतं, आणि त्या गुंगीत माझ्या डोक्यात सूर उतरतात. उठलो की तोंड धुण्याआधी पेटीवर बसवून घेतो. देवाची कृपा, दुसरं काय. दिवाळीला ती माहेरी गेली होती, हद्दीपलीकडं अक्कलकोटच्या बाजूला. तेव्हा मला एकही सूर सुचला नाही. थंडीनं असेल. थंडीत माझं डोकं बधिर होतं.

पाठवायच्या बहुतेक चाली भारदस्त झाल्या आहेत. ताना आहेत, तिहाया आहेत. एक मात्र फार साधी आहे, चार-पाच सुरांतच फिरते. श्रावणात आमची गौरा तापानं गेली, दोन वर्षांची होती, त्यानंतर सुचलेली. ती पेटीवर धरली की मला श्वास पुरत नाही, म्हणून फारशी वाजवत नाही. पाठवावी की नको? घालू वजनाला.

मार्गशीर्ष वद्य पंचमी

टपालानं पाठवायची सोय उरलेली नाही. हद्दीबाहेर जाणारी पाकिटं फोडतात म्हणे. गिरिजाच्या माहेरचा सोमलिंग शेंगांची गाडी घेऊन सोलापूरला जातो, त्याच्या हाती कागद दिले. शेवटच्या कागदावर शपथेवर लिहिलंय की वरील सर्व चाली माझ्या स्वतःच्या आहेत. खाली सही, मल्लिनाथ, मुक्काम मुरूम, जिल्हा उस्मानाबाद. सही झोकदार आली.

सोमलिंगनं कागद उलटसुलट करून पाहिले. "मास्तर, करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाल्यांनी इचारलं तर ह्ये काय म्हनून सांगू?"

"पेटीचे धडे म्हण."

"आन् मारलं तर?"

"तरी पेटीचे धडेच म्हण."

तो हसला. मला हसू आलं नाही.

गिरिजानं त्याच गाडीत तिच्या धाकट्या भावासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं दिलं. वीरप्पा सोलापुरात शिंपीकाम शिकतो. गाठोडं दोन्ही हातांनी उचलावं लागत होतं. मी म्हटलं, "तो एकटाच खाणार आहे का शिलाईच्या मशीनलाही चारणार आहे?"

"जवान पोरगं हाय, भूक लागती," ती म्हणाली आणि गाठीवर आणखी एक गाठ मारली.

पौष शुद्ध सप्तमी

सोमलिंग परतेपर्यंत अन्न अंगी लागलं नाही. दारावर कोणी थाप मारली की मी पहिल्यांदा पेटीवर पासोडी टाकायचो, जणू काय पेटीच चोरीची आहे. आज आला. कागद पोचले. नाक्यावर सगळी गाडी उपसून पाहिली, पण कागद पेंडीच्या पोत्यात होते. बैलांना भूक लागली नव्हती हे नशीब माझं.

पौष वद्य द्वादशी

गावात रझाकारांची कवायत झाली. आम्ही दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावून आत बसून राहिलो. अण्णा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून पुटपुटत होते. बुटांचा आवाज आमच्या दारावरून गेला, पुढं जाऊन थांबला, परत आला, पुन्हा गेला. मी मनात त्याची मात्रा मोजत होतो, कारण दुसरं काही सुचेना. रॉकेल मिळत नाही, मीठ मिळत नाही. दिवस मावळला की गाव आंधळं होतं. कुत्रं भुंकलं तरी गिरिजा माझ्याकडं पाहते आणि मी तिच्याकडं. कोण कोणाला धीर देणार?

माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र

सोमलिंगबरोबर सिद्रामप्पांचं उत्तर आलं. परसात जाऊन वाचलं. आनंद व्हावा की राग यावा, कळत नाही.

लिहितात की आपल्या बाकीच्या चालींत नाटकाच्या जुन्या पदांचं वळण फार दिसतं, त्या साभार परत. (माझी तिहायांची चाल परत.) परंतु शेवटची साधी चाल आमच्या वादकानं पेटीवर काढली, तेव्हा छापखान्यातली माणसं खिळे जुळवायची थांबली. अशी चाल पुष्कळ दिवसांत ऐकली नव्हती. पुस्तकात ती पहिली घालतो, आपलं नाव आणि गाव मोठ्या टायपात देतो.

म्हणजे जिला घडवायला मी घाम गाळला ती नापसंत, आणि जी फुकट सुचली तिला मान. असो. चाल माझीच ना.

गिरिजाला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. ती उपासाची, भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "कंची चाल म्हनलं?" मी सूर धरून दाखवला. ती भिंत सोडून सरळ बसली. मग विचारलं, "छापल्यावर ती लई लोकांस्नी कळंल?" मी म्हटलं, "सगळ्या मराठी मुलखाला." तिनं डोळ्यांना पदर लावला. नवऱ्याचं नाव छापून येणार म्हटल्यावर बायकांचं असंच होतं. मलाही भरून आलं. कितीतरी दिवसांनी मी न भिता झोपणार आहे.

चैत्र वद्य तृतीया, शके १८७०

मेलो. दुसरा शब्द नाही.

सोमलिंग दुकानात आला, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला, मग हळूच म्हणाला, "मास्तर, तुमची चाल तिकडं लई गाजायलीय."

"कुठं? पुस्तक तर अजून निघायचंय."

"पुस्तकाचं न्हाय म्हनत म्या. हद्दीपल्याडच्या कॅम्पात. निजामाइरुद्ध लढनारी पोरं हाईत न्हवं, ती म्हनत्यात. 'उठा गड्यांनो, जुलमाची रात सरली' असले बोल घातल्यात, पर चाल तीच. परवा नाक्यावर हल्ला झाला, तवा हेच म्हनत आली हुती म्हनं."

माझ्या हातात कापड मोजायचा गज होता तो खाली पडला. अण्णांनी आतून विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, काही नाही.

ती चाल मी मठात वाजवलेली नाही, कोणाला शिकवलेली नाही. ती माहीत असणारी माणसं जगात तीन. मी, सोलापूरचे सिद्रामप्पा आणि कागद नेणारा सोमलिंग. तेव्हा हा सोमलिंगचाच प्रताप असणार. त्याला तसं तोंडावर म्हटलं तर तो कानाला हात लावून म्हणाला, "मला सारेगम वाचाया येती व्हय? शेंगा इकनारा मानूस म्या." मग जाता जाता म्हणाला, "घरात इचारा की."

घरात काय विचारू? गिरिजा तर मला धीर द्यायच्या ऐवजी भलतंच विचारत बसली. पोरं बरी आहेत का, त्या हल्ल्यात कोणाला लागलं का, सोमलिंग काही बोलला का. मी म्हटलं, "अगं, इथं माझ्या मानेवर सुरी आहे आणि तुला त्या पोरांची पडलीय." ती उठून गेली. नंतर देवापाशी बराच वेळ बसून होती. माझ्यासाठीच असणार.

आता एकच दिसतं डोळ्यांपुढं. पुस्तक निघणार, पहिल्या पानावर ती चाल, आणि वर मोठ्या टायपात माझं नाव आणि गाव.

वैशाख शुद्ध दशमी

दुपारी अमीनसाहेबांचा शिपाई दुकानात आला. "पेटीवाले मास्तर कोन? साहेब बुलाए. पेटी भी लाव."

ठाण्याचे अमीन म्हणजे इथले फौजदार. गेल्या आठवड्यात त्यांनी ती चाल म्हणणारी दोन पोरं धरली आहेत. अण्णांचा चेहरा पीठ पडल्यासारखा पांढरा झाला. माझ्या कपाळाला त्यांनी विभूती लावली आणि म्हणाले, "पेटी उराशी धरून ऱ्हा. वाजवनाऱ्याला कुनी मारत न्हाय." त्यांना हे कोणी सांगितलं देव जाणे. वाटेत दोनदा मला ओढ्याकडं जावं लागलं. शिपाई पेटी धरून उभा राहिला, माणूस बरा होता.

ठाण्यात नाही, घरी नेलं. ओसरीवर सतरंजी होती. अमीनसाहेब गणवेश काढून नुसत्या सदऱ्यावर बसलेले, पान खात. म्हणाले, "डरते कायकू मास्तर? बजाव." मी एक गझल वाजवली. खूष झाले. मला वाटलं, गाण्याची हौस आहे, तेवढ्यासाठीच बोलावलं. जीव थोडा थाऱ्यावर आला.

मग ते म्हणाले, "अब ये सुनो," आणि गुणगुणू लागले. तीच चाल.

आम्हा साथ करणाऱ्यांना एक खोड असते. समोर कोणी सूर लावला की बोटं आपणहून त्याच्या मागं जातात, त्यांना विचारावं लागत नाही. माझी बोटं गेली. अमीनसाहेब दुसऱ्या ओळीत गंधारावर चुकले, शुद्ध लावला. माझं बोट कोमल गंधारावर.

ते थांबले. "मैं इधर बोला, तुम उधर कायकू गए?"

आणि मी, माझ्या तोंडाला काय म्हणावं, मी म्हणालो, "नाही साहेब, इथं कोमलच आहे."

आतल्या पडद्याआड बांगड्या वाजल्या. साहेबांनी पिंक टाकली. "अच्छा. मतलब तुमको आता है. किसका है ये?"

माझ्या डोळ्यांपुढं कोठडी, अण्णांचं दुकान, गिरिजा, सगळं फिरलं. जे पहिलं जिभेवर आलं ते बोललो. "कोणाचं नाही साहेब. बायकांचं आहे. आमच्याकडं बायका जात्यावर म्हणतात."

"कौन औरत?"

"सगळ्याच."

"सगळ्या में से एक लेके आव. मेरी अम्मी सुनेगी. उनको ये मुलुक का सब गाना मालूम. झूठ निकला तो पेटी इधर रहेगी, तुम भी."

पेटी तिथंच ठेवून घेतली. रिकाम्या हातांनी घरी आलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

गिरिजाला सांगितलं. सांगताना रडलो, लपवण्यात अर्थ नाही. म्हटलं, "जीव वाचवायला खोटं बोलून बसलो. म्हणालो, बायका जात्यावर म्हणतात."

"खोटं?" ती म्हणाली.

"मग काय करू? आपली आहे म्हणून सांगू?"

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग सावकाश म्हणाली, "कुनाचं नाव घेतलं?"

"कोणाचंच नाही."

"म्या येते. मला येती ती चाल."

मला सुटल्यासारखं झालं आणि लाजही वाटली. रोज माझं वाजवणं कानावर पडतं, त्यावरून उचलली असणार. बाईमाणूस ठाण्याच्या माणसाकडं न्यायचं म्हणजे काय, हे मला कळत नाही असं नाही. पण दुसरं कोण येणार?

सिद्रामप्पांनाही लगेच कागद लिहिला, दोन्हीकडं एकच असलेलं बरं. 'शपथेवर लिहिलेलं कृपया रद्द समजावं. ती चाल माझी नाही. आमच्याकडील स्त्रिया जात्यावर म्हणतात, ती मी फक्त उतरवून घेतली. माझं नाव घालू नये.' प्रत्येक शब्दाला काळीज तुटत होतं. आयुष्यात एकच चाल लोकांना थांबवणारी झाली आणि तीच मी अशी टाकून दिली.

गिरिजाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "कंची बाई, त्ये लिवलं न्हाय व्हय?"

एवढ्या धास्तीतही मला हसू आलं. "बायकांची चाल म्हटल्यावर कोणती बाई असं कोण विचारतंय?"

"आसू द्या," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

वैशाख शुद्ध त्रयोदशी

जाऊन आलो. जिवंत आहोत.

गिरिजा डोक्यावरून पदर घेऊन पुढं चालत होती, मी मागं. उलट असायला हवं होतं. तिला पडद्याआड अमीनसाहेबांच्या आईकडं नेलं. मी आणि साहेब ओसरीवर. मला बसता येईना, मी खांबाला धरून उभा. तिनं माझी चाल चुकवली तर? कॅम्पातले बोल तिच्या तोंडातून गेले तर?

आतून म्हातारीचा आवाज आला, "बोल बेटी. डर नक्को." आणि गिरिजानं सूर लावला.

दाणं घालिते जात्यात, पीठ पडं भुईवरी
गौरा माझी निजलेली काळ्या मातीच्या घरी

हाक मारिते मी बाई, हाक वाऱ्यानं ग नेली
वेशीच्या पल्याड माझी पैंजणाची गौरा गेली

आणखीही होत्या. बऱ्याच होत्या. मला सगळ्या लिहवत नाहीत. गौराला पुरलं त्या दिवसाची ओवी होती. मी तेव्हा घरात आलो नाही, मठात जाऊन बसलो होतो, त्याचीही एक होती. हे बोल मी कधी ऐकले नव्हते. की ऐकले होते? खांबाला टेकून डोळे मिटले तर मला वाटलं पहाटच आहे आणि मी अंथरुणात आहे.

चाल तीच, पण अंतऱ्यात तिनं एक जागा अशी घेतली की कोमल गंधारावरून खाली यायच्या ऐवजी तिथंच थांबली, रडू आवरावं तशी, आणि मग उतरली. ती जागा मी लिहिलेली नाही. चाल तिथं मला कायम उघडी वाटायची, काहीतरी राहिल्यासारखी. सुचता सुचता मला जाग आली असेल त्या पहाटे.

आत म्हातारी नाक ओढत होती. पडद्याआडून म्हणाली, "इसका बच्चा मरा है रे. छोड इनको. ये कोई फौज का गाना नई."

अमीनसाहेबांनी पिकदाणी पुढं ओढली आणि पान थुंकलं. मग शिपायाला म्हणाले, "मास्तर की पेटी देव." माझ्याकडं पाहून म्हणाले, "जाव. औरत का रोना है ये. लौंडे लोगां उठाके ले गए." मला वाटलं त्यांना आणखी काही विचारायचं आहे, पण विचारलं नाही.

वाटेत मी गिरिजाला म्हटलं, "किती झटक्यात शब्द जुळवलेस गं माझ्या चालीवर." ती कडेच्या दगडावर जाऊन बसली. दमली असेल.

आषाढ वद्य षष्ठी

रोज वाटतं, पुन्हा बोलावतील. धरलेल्या दोन पोरांना बिदरकडं हलवलं म्हणतात. काल वीरप्पा अचानक आला, पाय बांधलेला, दाढी वाढलेली. म्हणे मशीन पायावर पडलं. गिरिजानं त्याला धान्याच्या खोलीत निजवलं आणि बाहेरून कडी लावली. मी म्हटलं, "पाहुण्याला कोणी कोंडतं का?" ती म्हणाली, "झोपमोड हुईल त्याची." पहाटेपूर्वी तो गेलाही. शिंप्याला एवढी घाई कसली ते कळलं नाही. ही वही आता छपराच्या कडीपाटात ठेवतो.

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी

नळदुर्गच्या बाजूनं हिंदुस्थानची फौज आत आली. कालपर्यंत तोफांसारखं काहीतरी ऐकू येत होतं. आज नाका रिकामा आहे. अमीनसाहेब आईला घेऊन कधी गेले कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्या दारात एक फुटकी पिकदाणी पडली आहे. लोक गुलाल उधळतायत, आणि गल्लीच्या खालच्या टोकाला आमचा मुसलमान रंगारी घराला आतून कडी लावून लेकरांना घेऊन बसला आहे. भीती गावातून गेली नाही, तिनं घर बदललं. अण्णांनी त्याच्याकडं गुपचूप ज्वारी पाठवली.

वीरप्पा कॅम्पातल्या पोरांबरोबर तिरंगा घेऊन वेशीतून आला. तो कॅम्पात होता. शिंपीकाम वगैरे काही नव्हतं. गिरिजानं त्याला ओवाळलं, तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. मिरवणुकीत सगळे माझीच चाल म्हणत होते. मी ओट्यावर उभा होतो. एकाला म्हटलं, "ही चाल माझी आहे बरं का." तो म्हणाला, "आता समद्यांचीच हाय, मास्तर," आणि माझ्या कपाळाला गुलाल फासून पुढं गेला.

कार्तिक शुद्ध एकादशी

पुस्तक आलं. सोमलिंगनं उघडउघड हातात धरून आणलं. पहिल्याच पानावर ती चाल आहे. वर छापलंय: 'मुरूमकडील स्त्रियांची जात्यावरची चाल.' आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या टायपात: 'पाठविणार, मल्लिनाथ, मुरूम.'

पाठविणार. मी काय टपालवाला आहे?

दिवसभर चडफडलो. अमीन नाही, नाका नाही, मग मी कोणाला भिऊन गप्प बसू? सिद्रामप्पांना कागद लिहिला: 'वैशाखातलं पत्र प्राणभयानं लिहिलं होतं, ते खोटं होतं. चाल माझी स्वतःची आहे. दुसऱ्या आवृत्तीत माझं नाव घालावं.' संध्याकाळी गिरिजाला वाचून दाखवायला बसवलं. ती पुस्तकाच्या पानावरून बोट फिरवत होती.

"अमीन गेला न्हवं?" तिनं विचारलं.

"गेला."

"मंग आता भ्या कशाचं ऱ्हायलं न्हाय."

"कशाचंच नाही."

"आता खरं लिवता येतंय."

"तेच लिहिलंय की," मी म्हटलं आणि वाचलं.

ती ऐकत होती. मग पुस्तक मिटून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि उठली.

कार्तिक शुद्ध त्रयोदशी

पहाटे जाग आली. जातं चालू होतं. मी डोळे मिटून पडून राहिलो, नेहमीसारखं काही सुचेल म्हणून. काही सुचेना. मग लक्षात आलं की ती काही म्हणत नाहीये. नुसतं दगडावर दगड. काल पहाटेही असंच होतं का?

उठून दाराशी गेलो. म्हटलं, "म्हण की काहीतरी."

तिनं हात थांबवला नाही. मान वरही केली नाही. म्हणाली, "आता म्हनलं की तुमचं हुतंय."

तिनं आणखी एक मूठ घातली.

उजाडल्यावर सोमलिंग गाडी जुंपून दारात आला. "मास्तर, सोलापूरचा कागद देनार हुता न्हवं? द्या, निघालो म्या."

मी म्हटलं, थांब. कागद हातात घेऊन आत गेलो. गिरिजा पीठ भरत होती. मला तिला एकच विचारायचं होतं, अगदी साधं. अमीनसाहेबांच्या ओसरीवरही एवढी भीती वाटली नव्हती. ती हो म्हणाली तर? मी रांजणातलं पाणी प्यालो आणि बाहेर आलो.

"पुढच्या खेपेला देतो," सोमलिंगला म्हटलं.